हाफकिन आणि ती एक बाटली

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहून दे, असा निरोप संपादक मंडळातल्या आपल्या मित्रांनी पाठवला. मी हाफकिन हे नाव कळवले, तर उलट विचारणा आली की संस्थेवर लिहिणार की काय. चूक त्यांची नाही. हाफकिन म्हणजे मुंबईतली सरकारी संस्था, पोलिओचा डोस, सर्पदंशाची लस, एवढेच आपल्याकडे ठाऊक असते. रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावलेला माणूस दवाखान्यात आणला की ज्या बाटलीची शोधाशोध होते, तिच्यावर हे नाव मी कित्येकदा वाचले. ते एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाची नोकरी एका बाटलीपायीच गेली, हे मला नोकरीत पुष्कळ वर्षे काढल्यावर कळले.

वर्गमित्रांना माहीत आहे, गुरुजनांना सांगतो : मी शाळा सोडल्यावर आरोग्य खात्यात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. सारी हयात टोचण्यात, टोचून घ्या म्हणून विनवण्यात आणि टोचल्यावर झालेल्या भांडणांत गेली. त्यामुळे या माणसाचे चरित्र मी वाचले ते थोडे आपलेपणाने. तो आपलेपणा लेखात आला तर सांभाळून घ्यावे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या राज्यात होते. विद्यापीठात त्यांना गुरू लाभले इल्या मेचनिकोव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे ज्यांनी दाखवले आणि पुढे नोबेल मिळवले, तेच हे. विषय प्राणिशास्त्र. म्हणजे हाफकिन डॉक्टर नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महाग पडली. विद्यार्थिदशेतच ते झारविरोधी तरुणांच्या गटात होते. १८८१ च्या सुमारास ओडेशात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा घरांचे रक्षण करायला जे तरुण पुढे झाले त्यांत हे होते. जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकोव्ह यांच्या खटपटीने सुटले. विद्यापीठात अध्यापकाची जागा हवी तर धर्म बदला, असे सुचवण्यात आले. ते त्यांनी नाकारले आणि संग्रहालयातल्या दुय्यम कामावर काही वर्षे काढली. १८८८ मध्ये देश सोडून जिनिव्हा, आणि पुढच्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत. तिथे मिळालेली जागा कोणती, तर ग्रंथालयातल्या सहायकाची. पुस्तके लावता लावता उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत.

तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस केली. ज्येष्ठ मंडळींना शंका होती, खुद्द मेचनिकोव्ह यांनाही. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिननी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांनी ते बरे झाले. ही सवय त्यांनी जन्मभर ठेवली.

लस खरी की खोटी हे ठरायला जिथे कॉलरा आहे तिथे जावे लागणार होते. १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्याला उतरले. इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचा रशियन जन्म खुपत होता. हा हेर तर नाही ना, अशी कुजबुज होती. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत गेले तर लोकांनी दगड मारले. आपण असतो तरी काय केले असते? निरोगी माणसाला सुई टोचायला परका साहेब दारात उभा! हाफकिन आणि त्यांच्याबरोबरचे हिंदी डॉक्टर यांनी त्या जमावासमोर आधी आपापल्या अंगात सुई घेतली. मग एकेक जण पुढे येऊ लागला. पोलीस बोलावले नाहीत. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४० हजार माणसांना त्यांनी कॉलऱ्याची लस दिली. मलेरियाने अंग पोखरले तेव्हा काही महिने युरोपात जाऊन आले.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ओळखला, पण मान्य कोण करतो! प्लेग म्हटले की बंदर बंद, व्यापार बंद. काही डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला गाठीचा ताप म्हणून चालवून पाहिले. ऑक्टोबरात हाफकिनना मुंबईला पाठवण्यात आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा फौजफाटा मिळाला. रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे त्या थेंबांना लोंबकळत जंतू झुपक्यांनी वाढतात. पुरेसे वाढले की उष्णतेने मारायचे, थोडे कार्बॉलिक अ‍ॅसिड घालायचे आणि ती मेलेल्या जंतूंची लस टोचायची. तूप आपल्याकडे कशाकशाला कामी येते! तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीप्रमाणे पहिली सुई स्वतःला घेतली, तीही पुढे लोकांना दिल्या त्याहून मोठ्या मात्रेची.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना टोचले, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत नंतर दोघांनाच झाला आणि दोघेही वाचले. पुढे १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी त्यांनी घराघरातली निम्मी माणसे टोचली, निम्मी ठेवली. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. टोचलेल्यांत ८ जण आजारी पडून ३ गेले. न टोचलेल्यांत २७ आजारी पडून २६ गेले. आकडेमोड न कळणाऱ्यालाही हे कळेल. (न टोचलेल्या त्या माणसांचे काय, हा प्रश्न माझ्या मनात येतोच. पण तेव्हा लस कमी आणि शंका फार, आणि असे दाखवल्याशिवाय बाकीची गावे तयार झाली नसती.)

इथे थोडे थांबतो. कारण त्याच महिन्यांत आपल्याच राज्यात दुसऱ्या पद्धतीने काय चालले होते, ते शेजारी ठेवल्याशिवाय हाफकिन कळत नाहीत. १८९६ च्या ऑक्टोबरात रोग्यांना जबरीने इस्पितळात नेतात म्हणून गिरणी कामगारांनी मुंबईत आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथे माणसे मारून औषध काढतात, अशी अफवा होती. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. तोच कायदा आपण २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा ऐकला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. बायकामाणसांची तपासणी झाली, सामान जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत, मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. एका बाजूला बंदुकीच्या धाकाने रोग हटवू पाहणारे सरकार, दुसऱ्या बाजूला पाठीवरून रोगी वाहून नेणारी बाई, आणि तिसरीकडे आपला दंड उघडा करून उभा असलेला हा परदेशी. लस सक्तीची करू नये, ज्याला पटेल त्याने घ्यावी, या मतावर हाफकिन ठाम राहिले. आगाखानांनी आपल्या अनुयायांच्या समोर ती टोचून घेतली, शिवाय प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. खोजा समाजातून मग रीघ लागली.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. उंदीर पडायला लागले की गाव रिकामे व्हायचे आणि धानाच्या बांध्यांपलीकडे तणसाच्या झोपड्या उभ्या राहायच्या. सरकारी माणूस गावात आला की लोक आजारी माणसाला लपवायचे. तेव्हा मला ते अडाणीपण वाटे. पुढे नोकरीत असताना, आणि निवृत्तीनंतर २०२१ साली मदतीला गेलो तेव्हाही, दारामागे लपलेली माणसे मी पाहिली. त्यांच्याशी बोलल्यावर बहुधा निघायचे ते असे की कधीतरी कोणीतरी त्यांना न सांगता, न विचारता काहीतरी केलेले असते.

तर १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. हाफकिन संचालक. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात किताब मिळालेला. पण हाताखालचे बहुतेक जण लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. डॉक्टर नसलेला, त्यात रशियन, त्यात ज्यू माणूस आपल्या डोक्यावर बसवलेला त्यांच्यातल्या अनेकांना सहन होत नव्हता. त्यातच सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयोगी आहे हे मान्य करतानाच हाफकिन यांच्या आकड्यांवर आणि मात्रा ठरवण्याच्या पद्धतीवर टीका केली. ही टीका काही अंशी रास्त होती, असे माझे मत आहे. प्रत्येक बाटलीतली ताकद सारखी नसे.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि तिथल्या सरकारने लाखोंना टोचायचे ठरवून मुंबईकडे लसीची प्रचंड मागणी केली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होईना. हाफकिननी कृती बदलली आणि कार्बॉलिक अ‍ॅसिड घालणे सोडून उष्णतेवरच भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेत असे करत असत.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातले मुलकोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचले. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते; तिचा क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या एकालाही काही झाले नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, शिवाय दोन लष्करी डॉक्टर. आयोगाचा निष्कर्ष असा की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्ये, तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले असावेत; कार्बॉलिक अ‍ॅसिड वगळले हे वाईट झाले. हाफकिन कामावरून दूर झाले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. पगार नाही, पद नाही, आणि १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका.

आता मी एक सांगतो, त्यात गावाचे, दवाखान्याचे नाव घेणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका गावी लस दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक तान्हे मूल गेले. लोक काठ्या घेऊन उपकेंद्रावर आले, आणि त्यांचे दुःख पाहता मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ज्या परिचारिका ताईंनी लस दिली त्यांची संध्याकाळपर्यंत बदली झाली. शवविच्छेदनाचा अहवाल बऱ्याच दिवसांनी आला, त्यात कारण न्यूमोनिया निघाले. तो अहवाल गावात कोणी वाचून दाखवला नाही आणि ताईंनाही कोणी पाठवला नाही. गावाच्या लेखी लसीनेच मूल गेले आणि ताई दोषी म्हणूनच गेल्या. पुढची दोन वर्षे त्या गावात आम्हाला कोणी दार उघडले नाही.

हाफकिन यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. आयोगाची कागदपत्रे बराच काळ प्रसिद्धच झाली नाहीत. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे ती पाहायला गेली, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी आयोगाशी असहमती दाखवली. पुढे ती छापली गेल्यावर जो तो वाचू लागला, आणि वाचणाऱ्यांत सर रोनाल्ड रॉस होते. मलेरिया डासांतून पसरतो हे सिद्ध करून नोबेल मिळवलेले रॉस त्याच लष्करी वैद्यकीय सेवेत राबले होते. ती सेवा आतून कशी चालते हे त्यांना चांगले माहीत होते.

कागदांत काय होते? मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर तापवून घ्यायला हवा होता. जंतुनाशक पाण्यात जेमतेम बुडवून त्यानेच बूच ओढले. शेणामातीच्या अंगणात धनुर्वाताचे जंतू असतात, हे आपल्यालाही शाळेत शिकवले होते. दुसरे असे की बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढले असते तर उघडताना घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीला वास नव्हता असे सांगितले होते. तिसरे, आत विष इतके मुरले असते तर माणसे आठवडा न थांबता फार लवकर आजारी पडली असती. आणि परळमध्ये ज्या कृतीने ती बाटली भरली त्याच कृतीच्या बाकी बाटल्या निर्दोष ठरल्या. हे सारे आयोगासमोर होते. मला वाटते, आयोगाला यातले काही दिसले नाही असे नाही. पण दूरच्या एका परक्या शास्त्रज्ञावर दोष ठेवणे, हजारोंना टोचायला नेमलेल्या आपल्या सगळ्या यंत्रणेवर ठेवण्यापेक्षा सोपे होते. हे माझे अनुमान आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी मेळाव्यात जरूर भांडावे.

२९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि आणखी नऊ नामांकित शास्त्रज्ञांनी सह्या केलेले पत्र छापून आले. त्यात हाफकिन यांच्याविरुद्धचा पुरावा टिकत नाही असे स्पष्ट मांडले होते. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. काही वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आळ घेण्यात आला होता; त्याची आठवण देऊन लोक याला छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिनना पुन्हा नोकरीवर घेतले.

पण कसे? मुंबईची संचालकपदाची जागा मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत बसवले. कॉलऱ्याच्या सुधारित लसीवर त्यांना काम करायचे होते. ती लोकांना टोचून पाहायची परवानगी मिळाली नाही. ज्या माणसाचे सारे शास्त्र वस्तीत, माणसांमध्ये उभे राहिले होते, त्याला टेबलाशी बांधून ठेवले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. आपल्यातल्या नोकरदारांना हे चांगले समजेल : निलंबन रद्द होते, पगार सुरू होतो, आणि तरीही माणूस पुन्हा पूर्वीच्या खुर्चीत बसत नाही.

त्यांच्या मागे मुंबईत काम चालूच राहिले. १८९७ ते १९२५ या काळात त्या प्रयोगशाळेतून प्लेग लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. प्लेगने तरीही या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ही लस रामबाण नव्हती, पण टोचलेल्यांना बऱ्याच अंशी वाचवत होती. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते आणि दूर होते. परळच्या संस्थेत गेलात तर इमारत जरूर पाहा. गव्हर्नरांचा जुना राजवाडा आहे तो.

उत्तरायुष्यात ते धर्माकडे वळले. तरुणपणी ज्या धर्मासाठी नोकरी सोडली, त्याचे आचार म्हातारपणी काटेकोर पाळू लागले. लग्न केले नव्हते. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी राहायला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले. साठवलेला पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले.

रॉस यांच्या पत्राची आणि हाफकिन यांच्या सुटकेची हकीकत बऱ्याच पुस्तकांत आहे. मुलकोवालच्या १९ जणांची मात्र एका वाक्यात बोळवण होते. ती माणसे प्लेगला भिऊन, पण सरकारवर भरवसा ठेवून, स्वतःच्या पायांनी सुईपुढे आली होती. हाफकिन निर्दोष ठरले म्हणून त्यांचे मरण कमी होत नाही, आणि त्यांच्या घरच्यांपर्यंत कोणी बाटलीची, चिमट्याची खरी हकीकत घेऊन गेले, असे मी वाचलेल्या एकाही चरित्रात आलेले नाही. मुलकोवाल आता पाकिस्तानात आहे, मंडी बहाउद्दीन जिल्ह्यात. आपल्या वरठीसारखेच तेही रेल्वेचे गाव आहे.